जामीनदाराची सही आणि कंपनीची किल्ली

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला बँक कॅश क्रेडिट मंजूर करते, तेव्हा मंजुरीपत्रात माल, येणी आणि यंत्रसामग्री यांच्या तारणाखाली एक छोटी ओळ असते : सर्व संचालकांची वैयक्तिक हमी. पुष्कळदा तिला जोडून संचालकाच्या पत्नीचे, वडिलांचे किंवा ज्यांच्या नावावर राहते घर आहे त्या नातेवाइकाचे नाव येते. पुढे शाखेत कागदांचा गठ्ठा समोर ठेवला जातो. पेन्सिलीने फुली केलेल्या जागी सह्या करायच्या असतात; रकमेचे आणि तारखेचे काही रकाने अजून कोरेच असतात. अर्ध्या तासात काम आटोपते. सही करणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते, की कर्ज कंपनीचे आहे, फेडणार कंपनी आहे, आपण नुसते नावाला आहोत. या समजुतीने अनेक घरे अडचणीत येतात. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो : जामीन त्यानेच राहावे ज्याच्या हातात कंपनीची किल्ली आहे. ज्याच्या हातात ती नाही, त्याने शक्यतो राहू नये. आणि राहायचेच ठरवले, तर रक्कम, मुदत आणि बाहेर पडण्याची वाट या तीन गोष्टी सहीपूर्वी कागदावर आणाव्यात. सहीनंतर कायदा जामीनदाराला फार थोडी दारे उघडी ठेवतो.

कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या सॅलोमन खटल्यात १८९६ साली पक्के झाले आणि आपल्याकडेही रुजले. ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थच असा, की भागधारकाचे नुकसान त्याने शेअर्समध्ये घातलेल्या पैशापुरते मर्यादित राहते. वैयक्तिक हमीची सही ही मर्यादा पुसून टाकते. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२८ सांगते, की करारात वेगळे काही लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळे त्यात आले. कंपनीत तुमचे पाच टक्के शेअर्स असोत किंवा एकही नसो, हमी पूर्ण रकमेची असेल तर देणे पूर्ण रकमेचे. बरेच जण गृहीत धरतात, की तीन जामीनदार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एकतृतीयांश रक्कम येईल. ती वाटणी जामीनदारांच्या आपसातली आहे. बँकेला तिघांपैकी ज्याच्याकडून वसुली सोपी, त्याच्याकडून सगळी रक्कम मागता येते.

‘आधी बँकेने कंपनीची मशिनरी विकावी, गहाण माल काढावा, कमी पडले तर आमच्याकडे यावे,’ हा युक्तिवाद जवळपास प्रत्येक जामीनदार करतो, आणि माणूस म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ सालीच तो नाकारला. खालच्या न्यायालयांनी बँकेला आधी मूळ कर्जदाराविरुद्धचे उपाय संपवायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. कारण साधे आहे : कर्ज देणाऱ्याला वणवण न करता पैसे मिळावेत, यासाठीच तर हमी घेतलेली असते. १९९२ साली इंडेक्सपोर्ट प्रकरणात न्यायालयाने पुन्हा हेच सांगितले. २००२ च्या सरफेसी कायद्यात तर ‘कर्जदार’ या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदार येतो, आणि कलम १३(११) प्रमाणे कंपनीच्या तारणाला हात न लावता बँक थेट जामीनदाराकडे वळू शकते. म्हणून कंपनीच्या शेडमध्ये कर्जाच्या दुप्पट किमतीची यंत्रे आहेत, या गोष्टीवर जामीनदाराने विसंबू नये. यंत्रे विकायला वेळ लागतो आणि जुन्या यंत्राला भाव येत नाही. सिडकोतला फ्लॅट मात्र लवकर विकला जातो.

दुसरी समजूत अशी, की कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली म्हणजे तिच्याबरोबर जामीनदारही सुटला. प्रत्यक्षात उलट घडते. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीचे प्रकरण दाखल करून घेतले की कंपनीविरुद्धच्या कारवायांना स्थगिती मिळते. ती जामीनदाराला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. रामकृष्णन प्रकरणात ऑगस्ट २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०१९ च्या अधिसूचनेने नादारी आणि दिवाळखोरी संहितेतल्या व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू केल्या. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक ललितकुमार जैन आणि इतरांनी तिला आव्हान दिले. २१ मे २०२१ रोजी ते फेटाळले गेले, आणि त्याच निकालात न्यायालयाने म्हटले, की कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली एवढ्याने जामीनदाराची जबाबदारी आपोआप संपत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलीप जिवराजका प्रकरणात या तरतुदींची वैधता पुन्हा कायम झाली. म्हणजे कंपनी नव्या मालकाच्या हाती, कर्जाचा काही भाग माफ, आणि उरलेल्या रकमेसाठी जुना जामीनदार बँकेसमोर उभा, असे घडू शकते. पैसे भरल्यावर ते कंपनीकडून परत मागण्याचा त्याचा हक्कही ती योजना बंद करू शकते. एस्सार स्टीलच्या २०१९ च्या निकालाने हे दाखवून दिले.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घ्यायला हवा. बँका आणि पुरवठादार इतकी कडक हमी मागतात, ती का? उत्तरासाठी या शहराला लांब जावे लागत नाही. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात ज्याचा मोठा कारखाना उभा राहिला, त्या व्हिडिओकॉन समूहाचे दिवाळखोरी प्रकरण २०१८ मध्ये सुरू झाले. समूहातल्या तेरा कंपन्यांवर सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे मान्य दावे होते आणि न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेली योजना होती सुमारे २,९६२ कोटींची. म्हणजे दर शंभर रुपयांमागे साधारण साडेचार रुपये. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला तर शंभरात एक रुपयाही येत नव्हता. अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ती मंजुरी रद्द केली. तरी कंपनी बुडाल्यावर नुसत्या कंपनीच्या नावावर दिलेल्या उधारीचे काय होते, ते आकड्यांनी दाखवून दिले. हे पाहिलेला धनको चालकाची वैयक्तिक हमी मागतो, यात अन्याय नाही. जो माल कधी विकायचा, नफा कुठे वळवायचा, कोणत्या भावाला कंत्राट घ्यायचे हे ठरवतो, त्याने स्वतःचे घरही पणाला लावले तर तो जपून निर्णय घेईल. हमीमागचा हा विचार मला पटतो.

पण हाच विचार पुढे नेला की दुसरी बाजू आपोआप दिसते. हमीचा हेतू निर्णय घेणाऱ्याला जबाबदार ठेवण्याचा असेल, तर ज्याच्या हाती निर्णयच नाहीत त्याच्याकडून हमी घेऊन तो हेतू कसा साधणार? बोर्डाच्या कागदांवर नावाला असलेली पत्नी, निवृत्त वडील, भागीदारीतून बाहेर पडलेला भाऊ, शाळेपासूनचा मित्र यांना कंपनीच्या खात्यात काय चालले आहे ते कळत नाही आणि कळले तरी थांबवता येत नाही. जगात काही ठिकाणी कायद्याने हा फरक ओळखला आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९३ मध्ये, वडिलांच्या धंद्यासाठी ऐपतीबाहेरच्या कर्जाला जामीन राहिलेल्या तरुण मुलीच्या प्रकरणात सांगितले, की अशा असमान करारांची आशयासह तपासणी करणे न्यायालयांचे काम आहे. इंग्लंडमध्ये २००१ च्या एट्रिज निकालाने, पती-पत्नींच्या बाबतीत जामीन राहणाऱ्याला स्वतंत्र वकिलाने परिणाम समजावून सांगितल्याची खात्री बँकेने करावी असा दंडक घातला. आपल्याकडे असा सक्तीचा दंडक नाही. करार कायद्याची कलमे १४२ आणि १४३ धनकोने खोटे सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेली हमी रद्द ठरवतात, पण फसवणूक सिद्ध करण्याचा भार जामीनदारावर असतो आणि ‘मी न वाचता सही केली’ हा फसवणुकीचा पुरावा होत नाही. म्हणून जी काळजी तिथे बँकेवर टाकली आहे, ती इथे आपली आपण घ्यायची. कागद कंपनीच्या वकिलाला न दाखवता स्वतःच्या वकिलाला दाखवावेत. त्याला लागणारी फी ही पुढच्या जप्तीपेक्षा फार स्वस्त पडते.

‘हे सगळे बोलायला ठीक, सही केली नाही तर लिमिट मिळत नाही, आणि लिमिट नाही तर व्हेंडरचे काम जाते,’ असे एखादा लघुउद्योजक म्हणेल. त्याचे म्हणणे खरे आहे, पण सही करणे किंवा न करणे एवढेच दोन पर्याय नसतात. पहिली मागणी रकमेच्या मर्यादेची : ‘व्याज व खर्च धरून कमाल अमुक लाख रुपये’ हे शब्द हमीपत्रातच यायला हवेत. दुसरी, विशिष्ट कर्जाची : खाते क्रमांक आणि मंजुरीपत्राची तारीख लिहून, ‘सध्याच्या व भविष्यातील सर्व सुविधांसाठी’ हे शब्द वगळून घ्यावेत. तिसरी, मुदतीची. मर्यादेची ताकद किती, हे भाग्यलक्ष्मी सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसले. जामीनदारांनी चार लाखांच्या कॅश क्रेडिटला हमी दिली होती. बँकेने कर्जदाराला त्याहून कितीतरी जास्त रक्कम उचलू दिली. संमतीशिवाय वाढलेल्या रकमेला जामीनदार बांधील नाहीत, त्यांची जबाबदारी चार लाखांपुरतीच, हा खालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. हे कलम १३३ चे संरक्षण आहे. मात्र बँकांच्या छापील हमीपत्रात कलमे १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ यांखालचे हक्क सोडल्याची ओळ जवळपास नेहमीच असते, आणि न्यायालये अशी अट सहसा मान्य करतात. ती खोडून मागा. सगळी नाही निघाली, तरी १४१ साठी आग्रह धरा : त्याप्रमाणे बँकेने तारण हातचे घालवले तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होतो. १९६८ सालच्या अमृतलाल गोवर्धन लालन प्रकरणात गहाण मालात आलेल्या तुटीसाठी हेच तत्त्व लागू झाले होते. कोऱ्या रकान्यावर सही करू नका; भरलेल्या हमीपत्राची आणि मंजुरीपत्राची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

तिऱ्हाइताच्या हमीला पर्यायही आहेत. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या सीजीटीएमएसई या पतहमी योजनेत तारण आणि तिऱ्हाइताचा जामीन न घेता दिलेल्या कर्जाला ट्रस्टचे संरक्षण मिळते, आणि १ एप्रिल २०२५ पासून तिची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. तिचे शुल्क लागते आणि ती प्रवर्तकाला फेडीतून सोडवत नाही. पण मेव्हण्याला किंवा मित्राला शाखेत बोलावण्याची गरज तिने टळू शकते. जामीन मागायला आलेल्या नातेवाइकाला पहिला प्रश्न हाच विचारावा : या योजनेत अर्ज केला होता का, आणि बँकेने लेखी काय उत्तर दिले?

बँकेच्या हमीइतकेच लक्ष पुरवठादाराच्या उधारीकडे द्यायला हवे. पोलादाचा, रसायनांचा किंवा पॅकिंगचा व्यापारी नवीन पार्टीचे खाते उघडताना एकपानी अर्ज भरून घेतो. खालच्या बारीक अक्षरांत ‘कंपनीने न दिल्यास मी व्यक्तिशः देईन’ अशा अर्थाची ओळ असू शकते. तिथे सही करताना कंपनीचा शिक्का, ‘करिता’ हा शब्द आणि आपले पद लिहिले, तरी मजकुरात वैयक्तिक हमी असेल तर नुसत्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नये. ती ओळच काढायला लावावी. इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्यापासून हमी लेखी असावी लागते. आपल्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ती तोंडीही असू शकते, त्यामुळे ‘माल सोडा, मी बसलोय ना’ हे वाक्यही विचार करून बोलावे. शिवाय हमीपोटी स्वतःच्या खात्याचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर प्रकरण दिवाणी राहत नाही. कर्ज दुसऱ्याचे असले तरी जामीनदाराच्या चेकला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने बीना शबीर प्रकरणात २००२ साली ठरवले आहे.

हमी देऊन झाली असेल, तर ती कशी संपते हे माहीत असायला हवे. संचालकपदाचा राजीनामा दिला, शेअर्स विकले, भागीदाराशी आपसात करार केला, यांपैकी कशानेही बँकेतली हमी सुटत नाही. कॅश क्रेडिटची हमी चालू स्वरूपाची असते. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते, पण हमीपत्रात हा हक्क सोडलेला असेल तर तोही जातो. सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निकालात तसेच झाले. म्हणून कंपनीतून बाहेर पडताना हिशेबाच्या कागदांआधी बँकेचे ‘हमीतून मुक्त केले’ असे पत्र हातात घ्यावे; ते मिळेपर्यंत शेअर्स हस्तांतरित करू नयेत. कर्ज दुसऱ्या बँकेत वळवले असेल तर जुन्या बँकेकडून मूळ हमीपत्र रद्द करून परत घ्यावे. वेगळा करार नसेल तर जामीनदाराच्या मृत्यूने पुढच्या व्यवहारांची हमी संपते, पण तोवरचे देणे त्याच्या मालमत्तेवर राहते आणि वारसांना मिळालेल्या हिश्शापुरते त्यांच्याकडून वसूल होते. दरवर्षी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून त्यात ‘गॅरंटर’ म्हणून कोणती खाती दिसतात ते पाहावे. अनेकांना विसरलेली हमी तिथेच पहिल्यांदा दिसते.

नोटीस आलीच, तर दिवस मोजायला लागा. सरफेसीच्या कलम १३(२) ची नोटीस साठ दिवसांची असते. त्या मुदतीत लेखी आक्षेप नोंदवला तर बँकेला पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. रकमेचा तपशील, हमीची मर्यादा, लागू केलेला व्याजदर हे मुद्दे इथेच मांडावेत. त्यानंतर घराच्या दारावर ताब्याची सूचना चिकटते आणि दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतल्या पत्रात, प्रसिद्ध होते. या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात पंचेचाळीस दिवसांत अर्ज करता येतो, आणि ते या शहरातच आहे. पूर्ण देणे भरून तारण सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, हे बाफना मोटर्स प्रकरणात २०२३ मध्ये ठरले. ‘लिलावाच्या दिवशी पाहू’ असे म्हणणाऱ्याचा उशीर झालेला असतो. एक फरक लक्षात ठेवा : सरफेसीने बँक फक्त गहाण दिलेल्या मालमत्तेवर जाते, गहाण नसलेल्या मालमत्तेसाठी तिला न्यायाधिकरणाचा किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. शेतजमिनीवरच्या तारणालाही सरफेसी लागू नाही. पण नागरी सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला जामीनदारावरही निघतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षणात जायचे तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून कलम १०१ च्या पहिल्या सुनावणीलाच हजर राहणे हाच खरा बचाव. आणि ऐपत असूनही मागणी धुडकावू नये : रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे असा जामीनदार ‘हेतुपुरस्सर थकबाकीदार’ ठरवला जाऊ शकतो.

भरावे लागलेच तर नुसती पावती घेऊन घरी येऊ नका. करार कायद्याच्या कलम १४० प्रमाणे पूर्ण हमी फेडणारा जामीनदार बँकेच्या जागी येतो आणि तिच्या हातातल्या तारणावर त्याचा हक्क पोचतो; ते हक्क लेखी वर्ग करून मागा. कलम १४५ कंपनीकडून भरपाई मिळवून देते, कलम १४६ सहजामीनदारांकडून. साठ लाखांच्या देण्याला तिघे जामीन असतील आणि एकानेच ते फेडले, तर करारात वेगळे नसल्यास उरलेल्या दोघांकडून वीस-वीस लाख मागण्याचा त्याला हक्क आहे. हे दावे तीन वर्षांच्या मुदतीत करावे लागतात. नात्यातली भीड इथेच पुन्हा आडवी येते, आणि तीन वर्षे निघून जातात.

या भिडेविषयी शेवटी बोलायलाच हवे, कारण आपल्याकडच्या बहुतेक जामीनकीचे मूळ तिच्यातच असते. ‘नाही’ म्हटले तर नाते तुटेल या भीतीने सही होते, आणि पुढे त्या सहीपायीच ते तुटते. मदत करायचीच असेल तर परवडेल तेवढी रक्कम उसनी द्यावी. ती बुडाली तर नुकसान किती, हे पहिल्या दिवशी ठाऊक असते. जामीन राहायचे असेल तर त्याआधी कंपनीचे ताळेबंद, बँकेचे दरमहा स्टॉक स्टेटमेंट आणि मोठे खर्च पाहण्याचा हक्क लेखी मागावा. जो हे दाखवायला तयार आहे, त्याने किल्लीत तुम्हाला वाटा दिला. त्याचा जामीन राहण्याचा विचार करता येईल. जो म्हणतो ‘हिशेबात तुम्ही पडू नका, फक्त सही करा,’ त्याने त्या सहीचा अर्थ तुम्हाला स्वतःच सांगितला आहे. तिथे पेन खाली ठेवावे.